अर्धा सूर खाली

जुलै १९९८, बुधवार. दुपारी चार वाजता जुन्नरच्या बाजारपेठेत परवेजभाईंनी माझ्या पाठीवरचे स्क्रू काढले आणि मला उघडं केलं.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यात माझ्या पोटात मोटर, रबरी पट्टा आणि वेग ठरवणारा एक इवलासा स्क्रू बसवला गेला. एसटीच्या टपावरून मी परवेजभाईंच्या गाद्या-रजयांच्या दुकानात आलो. फळीवर बसून दिवसभर वाजायचो, गिऱ्हाइकं कौतुक करायची. पुढे घरोघर टीव्ही आले आणि माझ्यावर कापूस साचू लागला. माझ्या वर भिंतीला पिंजाऱ्याची जुनी धनुकली टांगलेली आहे. पिंजण्याचं यंत्र आल्यापासून तीही गप्पच आहे.

धूळ झटकून मला पुन्हा कामाला लावलं ते परवेजभाईंच्या मुलीने, गुलशनने. व्हायोलिनचं पुढचं शिक्षण तिला पुण्याच्या एका बाईंकडे घ्यायचं होतं. बाई वर्षाला एकच नवी मुलगी घेत. त्यांनी गुलशनला दोन कॅसेटी दिल्या होत्या. दोन्हींत एकच रचना, युरोपातली, तीनशे वर्षांपूर्वीची. एकीत आजची व्हायोलिनं, दुसरीत त्या काळच्या घडणीची. "एक निवड. तशी वाजवून दाखव आणि हीच का, ते सांग," असं बाई म्हणाल्या होत्या.

पहिली कॅसेट गुलशनच्या व्हायोलिनशी जुळली. दुसरी अर्धा सूर खाली वाजली.

"अब्बा, पहिली बरोबर वाजली. मधेच याचा वेग कमी झालाय का?"

परवेजभाईंनी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. धनुकलीला बकऱ्याच्या आतड्याची तात असते. ती दमट हवेत सैल पडते, हे पिंजाऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

"याचा पट्टाही तातीसारखा ढिला पडला असणार, बेटा. नाहीच सुधारला तर भंगारात देऊ."

त्यांनी वेगाचा स्क्रू फिरवला. दुसरी कॅसेट जुळली. मी मात्र घाबरलो होतो, कारण माझा पट्टा अगदी ठीक होता.

संध्याकाळी शेजारचे सोपानराव त्यांच्या मंडळाच्या भजनाची कॅसेट घेऊन आले. ती सुरू होताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"परवेजभाऊ, आमच्या बुवाला काय खाऊ घातलं? साठीचा गडी, लई कवळा झाला की राव! अन् माझी पेटी कुणी वर चढवली?"

गुलशन हसली आणि मधेच थबकली. तिने पहिली कॅसेट लावून पाहिली. तीही वर चढली होती.

"अब्बा, हा बरोबरच वाजत होता."

"मग ती दुसरी कॅसेट बिघडलेली."

"बिघडंल कशाला?" सोपानराव म्हणाले. "बुवाचा घसा बसला की आमी खालची पट्टी धरतो. ह्यांची पट्टीच तेवढी आसंल."

स्क्रू पूर्वीच्या जागी आला. दुसरी कॅसेट पुन्हा लागली. या वेळी परवेजभाईंनी कान माझ्या जाळीला टेकवला.

"ही धातूची तार नाही. तो ओरखडा ऐक. ही तात आहे."

तिघांनी एकदमच धनुकलीकडे पाहिलं.

गुलशनने आपल्या तारा अर्धा सूर उतरवल्या आणि त्या कॅसेटबरोबर वाजवू लागली. परवेजभाईंना काळजी वाटली. "बाईंना बेसूर वाटलं तर? वर्ष जाईल तुझं."

"पहिली चकचकीत आहे, अब्बा. दुसरीत गज तातीवर टेकलेला ऐकू येतो. पण तिथे कोणती वाजवीन, अजून ठरत नाही."

मित्रांनो, यंत्राला भंगार म्हणण्याआधी ते काय ऐकवतंय, ते एकदा नीट ऐकत चला. धूळही पुसत चला. आमची एवढीच मागणी.

आज शनिवार. गुलशन सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. दोन्ही कॅसेटी तिच्यासोबत आहेत, माझं पोट रिकामं आहे. बाहेर पाऊस लागलाय. परवेजभाई फोनशेजारी बसून धनुकलीच्या तातीवर बोट मारून पाहताहेत. फोन अजून वाजलेला नाही.