नानीआत्याचा ढीग

"गुरुजी, रोबोटले बायको राह्यते का?"

मैत्रिणींनी मूठभर बोरांची पैज लावली होती, म्हणून प्रयागनं विचारून टाकलं. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात लोखंडी माणसाचं चित्र आलं होतं, आणि रिसोडच्या शाळेत दुसरा विषय नव्हता.

शालिग्राम गुरुजी रागावले नाहीत. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. "बायको नाही, बाई. घर नाही, मजुरी नाही. शब्दच तसा हाये. तिकडं युरोपात चेक लोक जमीनदाराच्या शेतातल्या वेठीले रोबोता म्हनत. शेजारच्या पोलंडात तोच शब्द साध्या कामाचा. मुळाशी गेलं तर गुलाम, आन् त्याच्याही मागं पोरकं लेकरू. पंडित म्हनतात, आपलं 'अर्भक' त्याच गोतातलं."

"पोरकं कायले, गुरुजी?"

"आईबाप नसलेलं लेकरू कोनाच्या तरी घरी भाकरीवर वाढते. त्याले काम सांगाले कोनाची मनाई?"

पोरी खुदखुदल्या. प्रयाग बोरं घ्यायची विसरली.

घरी आली तर अंगणात कापसाची वाटणी चालली होती. दिवस उगवल्यापासून वेचून बाया पार गळून गेल्या होत्या. ज्या बाईचा ढीग, तिला त्यातून तिचा वाटा. बाप जानराव ओटीत टाकायचा, बाई निघून जायची. शेवटचा ढीग सगळ्यात मोठा. तो त्यानं पायानंच घरच्या गंजीत लोटला. भिंतीला टेकून नानीआत्या बोटांत रुतलेली बोंडांची कुसळं काढत होती. जानरावाची ही चुलत बहीण. आईबाप पटकीत गेले तेव्हा सहा वर्षांची या घरात आली. आता चाळिशी उलटली होती. दरसाल असंच व्हायचं. प्रयागनं आज पाहिलं.

"बाबा, आत्याचा वाटा?"

"नानी घरची हाये. घरच्याले कायचा वाटा?"

"मंग सगळ्याईच्या मागून कायले जेवते?"

आई मनकर्णाबाई चुलीपासून ओरडली, "शाळंत हेच शिकवून राह्यले का वं तुले?"

"जाऊ दे, पोरी," आत्या डोळे मिटूनच म्हणाली. "मले निस्ती पाठ टेकू दे."

प्रयागनं दप्तर खुंटीला लावलं आणि दोघांसमोर उभी राहिली.

"बाबा, माय, आयका. उद्या मी शाळंत जात नाही. आत्याच्या ओळीत मी वेचीन, आत्या निजंल. आन् तो ढीग येगळा राहीन, वाटा आत्याच्या ओटीत. नाही टाकला, तर परवाही मी शाळंत जात नाही, तेरवाही नाही."