दुपारची खोली

"आधी ती खुर्ची उचला बाबा, मग कपाट सरकेल," कानामागची पेन्सिल काढत पडदेवाली म्हणाली.

बाबांनी खुर्चीला हात घातला आणि घुटमळले. "अगं, पण ही तुझ्या आईची..."

"न्या हो, न्या!" आई दारातूनच म्हणाली. "एक हात केव्हाचा खिळखिळा झालाय तिचा. द्या भंगारवाल्याला. तिचं काय लोणचं घालायचंय?"

खुर्ची गेली आणि तिच्या जागी, खिडकीखाली, शिलाई मशीन बसलं.

पडदेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण इतकी वर्षं मान मोडून दुकानासाठी पडदे शिवल्यावर खरं नाव विचारतो कोण? लोकांच्या खिडक्या सजवता सजवता तिचा स्वतःचा संसार मात्र विस्कटला. नवऱ्याने दुसरीकडे घर मांडलं आणि ही बाई चाळिशी उलटल्यावर दोन बॅगा नि मशीन घेऊन आईबाबांच्या दारात उभी राहिली. आईने "का आलीस" असं विचारलं नाही. "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि बॅग आत ओढली.

घर दोन खोल्यांचं. बाबा बाहेरच्या खोलीत झोपत, कारण त्यांचं घोरणं शेजारपाजारचेसुद्धा ओळखत. आतली छोटी खोली आईची. आता तिथे दोन पलंग, एक कपाट आणि वर हे मशीन. पाय ठेवायलाही जागा उरली नाही. पडदेवालीच्या मनात एकच भीती होती, की आपण या घरात अडगळ होऊन बसणार. म्हणून तिने खोली सजवायचा असा काही धडाका लावला की विचारू नका. खोली इतकी छान करायची, की आईने आपणहून म्हणावं, बरं झालं गं तू आलीस.

रंग ठरला फिकट हिरवा. "आवडेल ना तुला?" तिने आईला विचारलं.

"तुला आवडतो ना? मग झालं."

भिंत रंगवायला बाबा हौसेने पुढे झाले आणि भिंतीबरोबर दिव्याचं बटणही रंगवून मोकळे झाले.

"बाबा, बटण कुठे गेलं?"

"आहे तिथेच आहे. हाताने चाचपून बघ. चोर आला तर त्याला सापडायचं नाही!"

आई हसून हसून पलंगावर बसली. दुकानात उरलेले कापडाचे लांब तुकडे जोडून पडदेवालीने पट्ट्यापट्ट्यांचा पडदा शिवला. दोन पलंगांच्या मध्ये एक फळी ठोकली आणि तिच्यावर दोघींचे चष्मे, पाण्याचा तांब्या, आईच्या गोळ्या ठेवल्या. रात्री दिवा मालवल्यावर मायलेकी इतक्या गप्पा मारायच्या, की बाहेरून बाबा ओरडायचे, "झोपा आता! मला झोप येत नाहीये."

"खोटं बोलताय," आई आतून म्हणायची. "आत्ताच घोरत होतात."

दुकानाचं काम घरीच येऊ लागलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनची घरघर. आई मध्येच डोकावायची, कापडाचा गठ्ठा उचलून पलंगावर ठेवायची नि जायची. सगळं कसं छान बसलंय, असं पडदेवालीला वाटू लागलं होतं.

अशात बाबांनी एकदा तिला बाजूला घेतलं. "आईच्या पोटाचं काहीतरी बघायला हवं गं. हल्ली दुपारी जेवण झालं की बाथरूममध्ये जाते ती तासभर बाहेरच येत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर अंगावर धावून येते."

पडदेवालीने हातातली कात्री खाली ठेवली. एवढं मोठं दुखणं आणि आपल्याला पत्ता नाही? दिवसभर मशीनवर डोकं खुपसून बसतो आपण!

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐन शिवणात वीज गेली. मशीन थांबलं आणि घर एकदम गप्प झालं. बाबा पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले होते. बाथरूमचं दार आतून लावलेलं. आतून ना पाण्याचा आवाज, ना बादलीचा. पडदेवालीने दारावर थापा मारल्या.

"आई! आई, दार उघड! बरी आहेस ना?"

कडी निघाली. आई कोरडी ठणठणीत उभी होती. मागे बादली पालथी घातलेली आणि तिच्यावर घडी करून टॉवेल ठेवलेला.

"काय करत होतीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही गं बाई! बसले होते."

पडदेवालीने त्या पालथ्या बादलीकडे पाहिलं. मग आईच हळू आवाजात बोलू लागली. "लहानपणी आम्ही बहिणी सगळ्या एका खोलीत. लग्न झालं, तर सासूसासरे, दीर. मग तुम्ही पोरं. सगळे आपापल्या वाटेला लागले, तेव्हा कुठे ती खोली मला मिळाली. दुपारी दार लावायचं आणि खुर्चीत बसायचं. विणायचं नाही, वाचायचं नाही, काही नाही. तेवढा वेळ मला कुणी 'अगं' म्हणायचं नाही. एवढंच. खूळ आहे म्हण."

"आणि ती खुर्ची मी भंगारात घातली! एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते, तर त्याच दिवशी बॅगा भरल्या असत्यास. ओळखते मी तुला. मला खोलीपेक्षा तू जास्त हवी होतीस."

पडदेवालीला रडू फुटलं. रडता रडताच ती म्हणाली, "मग दोन्ही ठेव की, वेडे!"

त्या दिवसापासून मशीनचं काम सकाळचं आणि संध्याकाळचं. दुपारी ती हाताने घालायचे टाके घेऊन बाहेरच्या खोलीत बसू लागली. आईला ते पचायला वेळ लागला. पहिल्या दिवशी तिने दार नुसतंच ओढून घेतलं आणि दर थोड्या वेळाने बाहेर आली. कधी "दूध झाकलंस का?" कधी "तुला उजेड पुरतोय ना?"

"पुरतोय. जा तू आत."

पुढे एका दुपारी आतून कडी लागल्याचा आवाज आला. पडदेवालीने खाली मान घालून टाका घातला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने ओठांवर बोट ठेवलं. मग तेही टीव्हीवरच्या सामन्याकडे वळले.

इतक्यात मावशीचा फोन आला. बाबा सवयीने ओरडणार, "अगं ए...", तोच पडदेवालीने हाताने त्यांना थांबवलं आणि फोन घेतला.

"मावशी, आई कामात आहे गं."

"भर दुपारी? कसलं काम काढलंय तिने?"

"महत्त्वाचं आहे. संपलं की ती करेल फोन."

तिने फोन ठेवला. बाबा उठले, टीव्हीवर रंगात आलेल्या सामन्याचा आवाज त्यांनी पूर्ण बंद केला आणि पाय न वाजवता परत जागेवर येऊन बसले.