चार टोप्यांची पंगत

बसा, बॉनेटवर बसलात तरी चालेल. आजवर तिथं मिरच्या वाळल्या, पापड वाळले, कोंबडीनं दोनदा अंडी घातली. मी सिद्धलिंगआप्पांची जीप बोलतेय. युसूफ वडगावात त्यांच्या भांड्यांच्या दुकानामागं अंगण आहे, तिथल्या कडुनिंबाखाली मी उभी असते. वय विचारू नका. कागदावरचं निराळं आणि सांध्यांतलं निराळं.

जन्म मुंबईकडच्या कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? पहिली आठवण आहे ती एका सरकारी साहेबाची. कालव्याची कामं बघायला तो मला न्यायचा आणि अर्ध्या वाटेत घोरायला लागायचा. पुढं त्या खात्याला नवी गाडी मिळाली आणि मला लिलावात उभं केलं.

आप्पा चौथी शिकलेले. पण गिऱ्हाईक पायरी चढलं की ते घेणारं आहे की नुसतं हाताळून जाणारं, हे त्यांना कळतं. माझ्याभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या आणि सोबतच्या चाँद मेकॅनिकला म्हणाले, "तू ऐकून सांग." चाँदचं गॅरेज स्टँडजवळ होतं. त्यानं मला सुरू करायला लावलं, बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. म्हणाला, "घ्या आप्पा. दम लई हाय हिच्यात." त्या दिवसापासून माझी दोन माणसं झाली, एक चालवणारं आणि एक ऐकणारं.

मग बाजारच बाजार. मागं हंडे, पातेली, डबे, आणि सगळा रस्ता खणखणाट. एकदा नारायणगडाच्या जत्रेला जाताना ओढ्यातल्या काळ्या मातीत मी पोटापर्यंत रुतले. ढकलायला चार माणसं आली आणि बघायला चाळीस. आप्पांनी कपाळाला हात लावला नाही. बॉनेटवर चादर अंथरली, भांडी मांडली आणि तिथंच दुकान सुरू केलं. दिवस कलला तोवर निम्मा माल खपला, मी हलकी झाले आणि आपसूक वर आले. आप्पा ही गोष्ट अजून सांगतात. सांगताना ओढा दर वर्षी थोडा रुंद होतो.

नंतर टेम्पो आला. मी कडुनिंबाखाली गेले. माणसं म्हणाली, बिचारी. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. थकले होते मी. गंज हळूहळू चढतो, दुखत नाही.

दोन वर्षांपूर्वी चाँदला झटका आला. जीव वाचला, वाचाही राहिली, पण उजवा हात थरथरायला लागला. पाना नटावर बसेना. त्यानं गॅरेज बंद केलं आणि घरात भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. त्याची बायको रुकसाना आप्पांच्या बायकोकडं, आमच्या शिवम्माकडं आली आणि माझ्या मडगार्डला टेकून रडली. "वो खाना खाते, औषध घेते, सब करते. बोलतेच नै, भाबी."

आप्पांनी दुकानातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते चाँदच्या दारात जाऊन म्हणाले, की मला जीप उघडून पुन्हा उभी करायची आहे, आणि अंबाजोगाईहून एक हुशार पोरगा येतोय. तू फक्त त्याला कुठं काय आहे तेवढं दाखव. तुझ्याच्यानं तर आता होणार नाही.

भिंतीकडचं तोंड फिरलं. "कोण पोरगा? त्या इंजिनाला हात लावायला दिला तर बघा, आप्पा."

पोरगा कुणी नव्हताच. गिऱ्हाईक कुठल्या शब्दावर वळतं, तेवढं आप्पांना माहीत होतं.

असं मला उघडलं. मला कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना तरी कोण विचारतं? अंगणात चादर पसरली, घमेल्यात डिझेल ओतलं, आणि माझ्या पोटातली एकेक वस्तू धुऊन बाहेर यायला लागली. नट ढिला करायचं काम आप्पांचं, सांगायचं काम चाँदचं. सुरुवातीला चाँद खुणेनं सांगायचा. आठवड्यानं बोलायला लागला, पंधरवड्यानं शिव्या द्यायला लागला. "आप्पा, तुमी नट धरा, अक्कल ऱ्हाऊ द्या." शिवम्मा चहा आणताना पदराआड हसायची. रुकसानाला तिनंच निरोप धाडला, की भाऊ आज दोनदा खेकसले, काळजी नसावी.

चाँदची एक रीत होती, त्याच्या उस्तादची. काढलेल्या वस्तूंची चादरीवर पंगत मांडायची. जी जिथली, ती तिथंच बसवायची. माझ्या इंजिनात चार दांडे आहेत आणि प्रत्येकाच्या पायाशी एक अर्धगोल टोपी, बोल्टांनी आवळलेली. चारही टोप्या दिसायला सारख्या, पण ज्या दांड्याची टोपी त्यालाच बसते. दुसरे मिस्त्री टोपीवर आणि दांड्यावर ठोकून ठिपके उठवतात, म्हणजे घोळ होत नाही. चाँदनं कधी ठोकले नाहीत. उस्ताद म्हणायचा, लोखंडाला जखम करून ओळख ठेवायची, तर आपले डोळे कशाला दिलेत?

आली खंडेनवमी. त्या दिवशी चाँद रुकसानाबरोबर अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात हात दाखवायला गेलता. घरोघर हत्यारं, यंत्रं धुऊन पूजेला मांडलेली. शिवम्मानं दुकानातला काटा पूजला, टेम्पो पूजला, आणि मग तिची नजर चादरीवर गेली. भांडेवाल्याची बायको ती. काळपट लोखंड पूजेत ठेवणं तिला सोसणार कसं? तिनं चारही टोप्या उचलल्या, चिंच आणि राख लावून लख्ख घासल्या, पाटावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडूचं फूल ठेवलं आणि मनापासून हात जोडले. तिसऱ्या प्रहरी उचलून एकेका दांड्यापुढं एकेक ठेवून दिली. चाराला चार.

मी बघत होते. माझा हॉर्न शाबूत होता, पण बॅटरी काढून ठेवलेली.

चाँदनं मग जुळणी केली. आप्पांचा हात, त्याचे डोळे. टोप्या आवळल्या, इंजिन फिरवायला पुढून हँडल घातलं, आणि हँडल फिरेना. पुन्हा खोललं, पुसलं, तेल घातलं, आवळलं. फिरेना. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी चाँदनं शिवी दिली नाही, तेव्हाच मला धाकधूक झाली. त्यानं सगळे पाने पुसले, फडक्यात गुंडाळले आणि आप्पांच्या मांडीवर ठेवले.

"हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. हात गेलताच. आता डोकं बी गेलं."

तो गेला. चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी रुकसानानं सांगितलं, की पुन्हा भिंतीकडं तोंड आहे, आणि या वेळी औषधही घेत नाहीत.

आप्पा दुकान सोडून माझ्यापुढं बसून राहिले. त्यांनी एक टोपी सोडवून हातात घेतली होती. शिवम्मा चहा घेऊन आली तेव्हा ते टोपी उन्हात फिरवत होते. ही एवढी चमकते कशी, असं त्यांनी सहज विचारलं.

"मी घासली की. खंडेनवमीला," शिवम्मा म्हणाली. "काळीच ठिवायची व्हय देवापुढं?"

आप्पांनी चहा खाली ठेवला. "समद्या उचलल्या हुत्या?"

"चारी. आन चारी जाग्यावर ठिवल्या."

"कोणती कुठं?"

"जशी हाताला आली तशी. एका मापाच्या तर हायेत."

"आपल्या दुकानात एका मापाचं झाकण कुठल्याबी डब्याला बसतं," आप्पा सावकाश म्हणाले. "हिच्यात बसत न्हाई."

शिवम्माचा चेहरा उतरला. आप्पांनी लगेच व्यापारी तोडगा काढला. तू गप्प राहा, मी चाँदला सांगतो, कुत्रं आलं आणि चादर ओढून गेलं.

"कुत्र्यावर कावून ढकलायचं? केलं मी, सांगते मी." तिनं पदर सारखा केला आणि भर दुपारी चालायला लागली.

पुढचं मला, रुकसाना आप्पांना हसून हसून सांगत होती तेव्हा कळलं. शिवम्मा दारातूनच म्हणाली होती, "चाँदभाऊ, तुमचं काईच चुकलं न्हाई. पंगत मी मोडली." आणि सगळं सांगितलं, चिंचेपासून झेंडूपर्यंत. चाँद म्हणाला, "म्हंजे डोकं शाबूत हाय माझं." आणि रुकसानाला म्हणाला, "चप्पल कुठं हाय माझी?"

त्यानं चारही टोप्या सोडवून घेतल्या. एकेक टोपी एकेका दांड्याला लावून बघायची आणि जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. हात थरथरत होता. नख लोखंडाला टेकलं की तेवढ्यापुरता थांबायचा. दोन तास लागले. पंगत पुन्हा बसली.

मग त्यानं आप्पांकडं हातोडी मागितली, आणि ठिपका उठवायचा खिळा.

आप्पा बघतच राहिले. "उस्तादची रीत?"

"उस्तादला चाँद हुता," तो म्हणाला. "मला कोण हाय? हिला पुढं कोण उघडंल, ठाव न्हाई. त्याला कळाया पायजे."

आप्पांनी टोपी धरली. पहिलीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, असं चौथीपर्यंत, आणि तसेच दांड्यांवर. लोखंडाला जखम होते म्हणतात. मला तरी दुखलं नाही.

हँडल फिरलं. उरलेली जुळणी झाली, बॅटरी चढली, आणि मी खोकले, धूर टाकला, निंबावरच्या चिमण्या उडाल्या. चाँदनं बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटले. शिवम्मानं माझ्या काचेवर विभूती ओढली, इंजिनापासून लांबच, हात चोरून.

आता चाँद बाजाराच्या दिवशी येतो. आप्पा मला पंधरा मिनिटं सुरू ठेवतात, दोघं चहा पितात, मला बंद करतात. आप्पांच्या मनात मला एकदा नारायणगडाला न्यायचं आहे. नेतील तर जाईन. पण मन विचाराल तर पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. एवढ्यानंच सांधे बोलतात. चाँदलाही ते ऐकू येतं, म्हणून तो आप्पांना दर वेळी म्हणतो, "पुढच्या जत्रेला बघू."

ही दोन माणसं गेली की मला भंगाराच्या काट्यावर नेतील. नेऊ द्या, तक्रार नाही. तुमच्यातलाच कुणी नेणार असेल, तर एवढंच करा: तोडायच्या आधी माझ्या पोटात हात घाला आणि बोट फिरवा. एक, दोन, तीन, चार ठिपके लागतील. चौथ्या टोपीवरचा शेवटचा ठिपका ओळ सोडून जरा खाली पडला आहे. तिथं चाँदचा हात थरथरला होता. तेवढी टोपी वितळवू नका.