संडासाच्या टाकीचं विरजण

मी संडासाची टाकी बोलतेय. नाक दाबू नका. पोट ठीक असलं की मला वास येत नाही.

माझं अंग कारखान्यात घडलं, पण पोटातले जिवाणू डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी वाढवलेल्या जातीचे. बर्फात पहारा देणाऱ्या जवानांची घाण कुजत नसे, तशीच पडून राही. म्हणून त्यांनी घाण खाऊन तिचं पाणी करणारे हे जीव तयार केले. तेच जीव ड्रमात बसून गडचिरोलीच्या जंगलात, धानोऱ्याकडच्या या तलावकाठच्या गावी आले.

माझे मालक मुखरूभाऊ तलावात मासे धरतात. त्यांची बायको कमळाबाई गुडघ्यानं अधू. घरामागं बांबूचं रान आहे. शौचाला तिकडंच जावं लागे, आणि त्याच वाटेनं वाघ पाण्यावर येतो. म्हणून मी आले त्या दिवशी कमळाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. माणसं कशालाही हळदकुंकू लावतात, पण मला बरं वाटलं.

बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "फिनेल नको, ॲसिड नको. आत जीव आहेत." मुखरूभाऊंनी मान हलवली. कमळाबाई तेव्हा आत चहा ठेवत होत्या.

पोळ्याला लेकीची सासू येणार होती. कमळाबाईंनी घर सारवलं, अंगण झाडलं, आणि पाहुणीपुढं लाज नको म्हणून फिनेलची अख्खी बाटली संडासाच्या भांड्यात ओतली. माझ्या पोटातलं सगळं गाव मेलं.

पाहुणी गेली आणि मी तुंबले. वास ओसरीपर्यंत गेला. कमळाबाईंना पुन्हा बांबूकडं जावं लागलं. मुखरूभाऊ काठी आपटत पुढं चालत. एका सकाळी चिखलात पंजा उमटलेला दिसला. तेव्हापासून कमळाबाई पाणीच कमी पिऊ लागल्या. ओठ सुकले, लघवीला आग होऊ लागली.

मुखरूभाऊंनी बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "टाकी उपसा, साध्या पाण्यानं धुवा. मग चालू टाकीतलं बादलीभर पाणी आत टाका. दह्याला विरजण लावतो तसं."

गावात माझ्यासारखी दुसरी टाकी एकच, शेजारच्या गोकुळाबाईंची. आणि कोंबड्यांवरून कमळाबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलेलं.

"मी नाई जात तिच्या दारात."

"मंग वाघाच्या दारात जाशील काय?" मुखरूभाऊ म्हणाले.

कमळाबाई काठी टेकत कुंपणापाशी गेल्या. "गोकुळाबाई, थोडं विरजण पाहिजे होतं."

"दह्याचं?"

"नाई वं. संडासाचं."

गोकुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "लोक मीठ मागते, तिखट मागते. तुले माझ्या घरचं हेच पाहिजे होतं काय?"

"हास, हास. मले वाघानं नेलं का मंग रडत बसशील."

गोकुळाबाईंचं हसू थांबलं. "असं काऊन बोलतं वं? तू बस. बादली मीच आणतो."

आणि मी उपसून, धुऊन तयार होताच त्यांनी बादली स्वतः आणून माझ्यात रिकामी केली.

माझं पोट हळूहळू सुधारलं. कमळाबाई आता घरच्या घरीच जातात. परवा दोघी पुन्हा कोंबड्यांवरून भांडल्या. भांडोत. माझं मागणं एवढंच आहे, की माझ्यात फिनेल ओतू नका. आणि ज्याची टाकी चालू आहे त्यानं शेजाऱ्याला बादलीभर विरजण द्यायला नाही म्हणू नये. कोणाचं कोणाशी पटत नाही, हे विचारून वाघ येत नाही.