धुळ्याचं काम

सकाळी साडेसातला प्रज्ञाने खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला गोळी दिली, पाण्याचा पेला हातात दिला, आणि त्याने घोट घेताच ती सवयीने म्हणून गेली,

"तोंड उघडा. जीभ वर करा."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मागे ट्रॉली लावत असलेल्या प्रमिलाबाई, वॉर्डाच्या इन्चार्ज, हसल्या.

"अगं, हा मेडिसिन वॉर्ड आहे. इथं लोक गोळीसाठी आपल्या मागे लागतात, लपवून ठेवत नाहीत."

प्रज्ञाही हसली. असं पहिल्यांदा होत नव्हतं. धुळ्याच्या मनोरुग्णालयात आठ वर्षं काढून ती जळगावच्या या ट्रस्टच्या रुग्णालयात आली, त्याला महिना झाला होता. तिकडे गोळी देणं म्हणजे अर्धंच काम. ती पोटात गेली, गालात दडली की मुठीत राहिली, हे बघणं हे उरलेलं अर्धं. इथे परवा एका निवृत्त मास्तरांनी तिला सरळ विचारलं होतं, "मी काय चोर वाटलो का तुम्हाला?" तिने माफी मागितली होती. तरी तिला इथे बरं वाटत होतं. रुग्णाकडे पाठ करून उभं राहता येत होतं. ताप उतरलेला माणूस पिशवी उचलून घरी जात होता आणि दारातून "येतो, ताई" म्हणत होता. तिकडे घरी गेलेला माणूस परत येणार नाही, याची खात्री कुणीच देत नसे.

खाटेवरच्या म्हाताऱ्याने मात्र काही विचारलं नाही. त्याने आ केला. जीभ टाळूला लावली, डाव्या गालात फिरवली, उजव्या गालात फिरवली. मग पेला ठेवून दोन्ही तळहात पुढे केले आणि उलटसुलट करून दाखवले.

तळहातांचं प्रज्ञा काही बोललीच नव्हती.

म्हाताऱ्याचं नाव रतिलाल, घरच्यांचे नाना. फैजपूरकडचे केळीवाले. आदल्या संध्याकाळी मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले होते. उलट्या, जुलाब, चालताना तोल जात होता. बाहेर मे महिन्याचं ऊन, शिवाय बागेत पाणी द्यायला नाना स्वतः जात. गुडघा दुखतो म्हणून आठवडाभर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खात होते, तेही सुनेने सांगितलं होतं. उन्हाचा त्रास, असं धरून सलाईन सुरू होतं आणि ते बरोबरच होतं. फक्त प्रज्ञा आता त्या हातांकडे बघत होती. थरथर बोटांतून मनगटापर्यंत येत होती. अशक्तपणाची थरथर इतकी मोठी नसते. अशी तिने धुळ्याला पाहिली होती.

सून, नूतन, स्टुलावर बसून नानांचा टॉवेल घडी करत होती.

"ताई, खालून एक शहाळं घेऊन या ना," प्रज्ञा म्हणाली.

नूतनने तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग काही न विचारता उठली आणि गेली. प्रज्ञाने खाटेचा पडदा ओढून घेतला.

"नाना, तळहात दाखवायला कुणी शिकवलं?"

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. बोलला तेव्हा शब्द जड येत होते.

"तुम्ही तठल्या का, बाई?"

"धुळ्याची. आठ वर्षं होते."

"मी तुमच्या आधीचा. वीस वरीस झाले."

"गोळी अजून चालू आहे ना?"

रतिलाल नानांचा हात बंडीच्या आतल्या खिशावर गेला आणि तिथेच थांबला.

"आज घेतली?"

"पहाटे घेतली. काल उलटी झाली, म्हनून कालची दोनदा घेतली. चुकली नाही पाह्यजे ना."

प्रज्ञा खाटेच्या कडेला टेकली. तिकडे असताना ती रुग्णाच्या खाटेवर कधी बसली नव्हती.

"घरी माहीत नाही?"

"कोणालेच नाही. बायकोले ठाव होतं, ते गेली. पोराले नाही, सुनेले नाही."

"मग दर महिन्याला धुळ्याला जाता कसे? जळगाव सोडून?"

"जळगावले बठ्ठे वळखतात." त्या थकलेल्या चेहऱ्यावर जरा मिस्कीलपणा आला. "काही ना काही काम निंघतंच धुळ्याचं. सुनेची मावशी हाये तठी. तिले केळाचे वेफर नेऊन देतो. येता येता डॉक्टरले भेटतो. कोणाले काय समजतं?"

"नाना, हे आपल्या डॉक्टरांना सांगावं लागेल. आत्ताच. ती गोळी आणि गुडघ्याची गोळी एकत्र चालत नाही. त्यात अंगातलं पाणी गेलं. औषध रक्तात साचलं असणार. तसंच राहिलं तर जिवावर येईल."

नानांनी खिशावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"डॉक्टरले सांगजा," ते शेवटी म्हणाले. "पोराले नका सांगजा. आता मी रागावलो, त म्हनतात नानाचा सोभाव गरम हाये. मंग म्हनतील, नानानं गोळी घेतली नाही वाटतं. माझं खरं बोलनंबी मंग गोळीवर जाईन."

प्रज्ञाने हात पुढे केला. नानांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली आणि डोळे मिटले. इतका वेळ उचलून धरलेले खांदे खाली आले.

डॉक्टर तेजस ड्यूटी रूममध्ये उभ्याउभ्या चहा पीत होते. पट्टीवरचं मनोविकाराच्या औषधाचं नाव वाचून त्यांनी कप खाली ठेवला.

"लिथियम. किती वर्षांपासून?"

"वीस तरी असतील."

"म्हणून तोल जातोय." ते फोनकडे वळले. "गोळी बंद, गुडघ्याचीही. ईसीजी काढा. लिथियम आणि किडनीसाठी रक्त घ्या, ताबडतोब. मी डायलिसिसवाल्यांना सांगून ठेवतो. लागलं तर वेळ जायला नको."

"घरच्यांना?"

तेजस फोन लावता लावता म्हणाले, "पेशंट शुद्धीवर आहे, त्याने नको म्हटलंय. किडनीची तपासणी करतोय, एवढं सांगू. ते खोटं नाही."

रक्त काढताना शीर पहिल्या वेळी निसटली. तिकडे इतकी वर्षं सुया क्वचितच हातात आल्या होत्या आणि महिनाभर प्रमिलाबाई तिच्या हातातून सुई काढून घेत होत्या. आज त्या पडद्याआड डोकावल्या, तिच्याकडे बघितलं आणि तशाच माघारी गेल्या.

"होऊ द्या, बाई," नाना डोळे न उघडता म्हणाले. "घाई नाही."

दुसऱ्या वेळी शीर सापडली.

नमुना देऊन ती परत येत होती, तेव्हा नूतन पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. हातात शहाळं होतं, न फोडलेलं.

"हे आत्ता देऊ नका," प्रज्ञा म्हणाली. "किडनीचे रिपोर्ट येऊ देत. मग डॉक्टर सांगतील."

"बरं." नूतन तिथून हलली नाही. "सिस्टर, नानांनी सांगितलं का?"

"काय?"

नूतनने पॅसेजच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. नवरा खाली औषधांच्या रांगेत होता.

"काल यांच्यासमोर मला बोलता येईना. नानाही जागे होते. आज राउंडला डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगणारच होते. रात्रभर तेच घोकत बसले. तुम्ही मला खाली पाठवलं, पडदा ओढला, तेव्हा जिन्यात उतरून मी बसूनच घेतलं. वाटलं, सुटले."

बोलायची परवानगी प्रज्ञाला नव्हती.

"तुम्ही नका सांगू काही," नूतन म्हणाली. "मीच सांगते. धुळ्याच्या माझ्या मावशीला शुगर आहे. नऊ-दहा वर्षं झाली. वेफरला ती हातही लावत नाही. दर महिन्याला गल्लीत वाटून टाकते."

तिने शहाळं या हातातून त्या हातात घेतलं.

"एखाद्या महिन्यात नाना विसरले, तर मीच म्हणते, मावशीचा फोन होता. पण त्यांना हे कळू देऊ नका. त्यांना वाटतं, त्यांनीच युक्ती काढलीये."

ती आत गेली. पडद्यापलीकडून नानांचा आवाज आला.

"काय म्हने डॉक्टर?"

"ऊन लागलंय म्हणे. आणि लघवीचं काहीतरी बघताहेत."

"मी त म्हनतच होतो."

दुपारी दोनला प्रज्ञाची ड्यूटी संपली. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला तिने खिडकीजवळची खाट आधी दाखवली. कोणत्या गोळ्या बंद, लघवी मोजायची, काही बदल वाटला तर तेजस सरांना लगेच फोन. सकाळनंतर उलटी नव्हती. बाहेरच्या लॅबमधला लिथियमचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येणार होता, तो अजून आलेला नव्हता. डायलिसिसचं मशीन नानांसाठी राखून ठेवलं होतं.

नाना पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून पीत होते. थोडं पाणी चादरीवर सांडलं. नूतनने टॉवेल पुढे केला. शहाळं खाटेखाली होतं, अजून न फोडलेलं.