निळ्या टाइलचा तुकडा

मंदारच्या ओठावर रक्ताचा थेंब दिसला, तेव्हा सुमेधाच्या हातात पांढऱ्या सिमेंटने माखलेली कुंडी होती.

तिने कुंडी तशीच वर्तमानपत्रावर आडवी टाकली. समोर फुटक्या टाइल्सचे पांढरे, पिवळे, निळे तुकडे पसरले होते. मागच्या नव्या बिल्डिंगच्या कामावरून तिने ते वेचून आणले होते. तुळशीच्या कुंडीवर ते चिकटवून वेलीची नक्षी करायची होती. मंदार झोपलाय तोवर उरकू, म्हणून ती बसली होती. तो कधी उठून पाठीमागे येऊन बसला, तिला कळलंच नाही.

"आ कर बघू, राजा."

त्याने आ केला. हिरडीला कापलं होतं. तोंडात काहीच नव्हतं.

"काय खाल्लंस?"

"निळं," मंदार म्हणाला आणि खोकला.

मंदार तिच्या जावेचा मुलगा, नुकता दोन वर्षांचा झालेला. दोघी जावा वाशीत एकाच बिल्डिंगमध्ये राहत. सुमेधा पहिल्या मजल्यावर, स्मिता वर दुसऱ्या. स्मिता फोर्टात बँकेत होती, त्यामुळे मंदार दिवसभर काकूकडे असे. सुमेधाला स्वतःचं मूल नव्हतं. 'तिच्या भरवशावर कसं टाकतेस पोराला?' असं स्मिताच्या आईने एकदा विचारलेलं तिच्या कानावर आलं होतं.

तिने मंदारला उचललं आणि समोरचं दार वाजवलं. शेजारचे दिनानाथ सावे रात्रपाळी करून झोपले होते. डोळे चोळत आले, पण ऐकल्यावर शर्टाची बटणं लावत लावतच खाली उतरले आणि स्कूटर काढली. मागे बसून सुमेधाने मंदारला छातीशी धरलं होतं. तो खोकला की ती घाबरायची. तो गप्प झाला की त्याहून वाईट वाटायचं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. मंदारच्या बरगड्यांखाली हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका होता.

"पोटात उतरलाय. श्वासनलिकेत गेला नाही, हे नशीब," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक आपोआप पडेल. भात द्या, केळं द्या. जुलाबाचं औषध अजिबात नको. पोट दुखलं, उलटी झाली किंवा शीतून रक्त गेलं, तर तसेच निघून या."

"आणि नाही पडला तर?"

"तर बघू."

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना सावे हळूच म्हणाले, "वहिनी, एक सांगू? स्मितावहिनींना लगेच सांगायची घाई करू नका. उद्यापर्यंत पडेल, विषय संपेल. उगाच घरात टेन्शन."

सुमेधाने मंदारकडे पाहिलं. तो तिच्या मंगळसूत्राशी खेळत होता. क्षणभर तिला सावेंचं पटलं. मग वाटलं, रात्री वर त्याचं पोट दुखायला लागलं, तर स्मिताला कळणार कसं, का दुखतंय ते?

दवाखान्यातूनच तिने बँकेत फोन लावला.

"वहिनी, मंदारने टाइलचा तुकडा गिळलाय. मी कुंडी करत बसले होते. माझं लक्ष नव्हतं."

"येते," एवढं म्हणून स्मिताने फोन ठेवला.

ती घरी आली ती सरळ मंदारला घेऊन वर गेली. सुमेधा मागोमाग डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगत जिना चढली. स्मिता ऐकत होती, पण तिच्याकडे बघत नव्हती. दारात थांबून म्हणाली, "तू जा आता. मी बघते."

सुमेधाने खाली येऊन तुकडे गोळा केले. पलंगाखालचे, कपाटाखालचेसुद्धा. डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला. कुंडीवरचं सिमेंट वाळून दगड झालं होतं. नवऱ्याने जेवायला बोलावलं, तर ती नुसती ताटावर बसून राहिली. वरून मंदारच्या रडण्याचा आवाज आला की उठून दारापर्यंत जायची आणि परत यायची.

दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. स्मिताने रजा घेतली होती. सुमेधा मऊ भात घेऊन वर गेली. स्मिताने तो घेतला आणि दार लोटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्मिता खाली आली. केस विंचरलेले नव्हते.

"पडला," ती म्हणाली. "रक्त वगैरे काही नाही. खेळतोय."

सुमेधा खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. स्मिता उभीच राहिली.

"माझा राग गेलेला नाही, सुमेधा. खोटं कशाला बोलू? पण तू फोन केला नसतास, तर मी परत कधीच..."

सोमवारी सकाळी स्मिता बँकेच्या साडीत दाराशी आली. मंदार कडेवर होता. काकूला बघून तो झेपावला, तरी स्मिताने हात लगेच सोडला नाही. तिची नजर घरभर, जमिनीवरून फिरली.

"सगळं आवरलंय," सुमेधा म्हणाली.

स्मिताने मान हलवली आणि मंदारला तिच्या हातात दिलं. दोन पायऱ्या उतरून ती वळली.

"ते कुंडीचं काम करायचं तर रविवारी कर. मी याला वर ठेवीन."

आणि बसची वेळ झाली म्हणून ती भरभर जिना उतरून गेली.