टोपाच्या आवाजाला येणारी कोल्हीण

टण्ण. टण्ण.

आधी हा आवाज ऐका. ॲल्युमिनियमच्या टोपावर लोखंडी पळी, दोनदा. या गोष्टीत एक चावा आहे, थोडं विष आहे, एक माणूस आहे. पण सुरुवात या आवाजानेच झाली.

बोर्ली पंचतनच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात विवेकचं होमस्टे आहे. मागे परसात माड-पोफळी आणि त्यांच्या पलीकडे खारफुटी. रात्रीची जेवणं आटपली की पाहुणे मागच्या पडवीत खुर्च्या टाकून बसतात. विवेक मासळीची डोकी-आतडी कुंपणाशी ओततो, टोप वाजवतो आणि हॅलोजन लावतो. खारफुटीतून कोल्हीण बाहेर येते.

"आली, आली! फ्लॅश मार!"

"दादा, अजून जवळ बोलवा ना. व्हिडिओत कुत्र्यासारखी दिसतेय."

"हातातून खाते का हो?"

"प्रॅक्टिस चालू हाय, साहेब," विवेक म्हणायचा. सगळे हसायचे.

हसा! असा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. तुम्ही त्याला लाल बदाम दिला असेल, चार जणांना पुढे पाठवला असेल. त्या उजेडाने डोळे दिपलेलं जनावर पुढे कुठे गेलं, हे विचारलंत?

विवेकचा बाप बाळाराम मासळीची घाण कधी उघड्यावर टाकत नसे. माडाच्या आळ्यात कोपरभर खड्डा खणायचा, घाण पुरायची, वर राख आणि माती दाबायची. माडाला खत मिळायचं आणि रानाला वास जायचा नाही. या किनाऱ्यावर घरोघर हीच रीत होती. बाप गेला, पाहुणे आले आणि फावडं गंजलं. "अहो, पुरून टाका ते," असं बायको रश्मी कितीदा म्हणाली. विवेकला तेवढं ऐकू आलं नाही.

शेजारी गोदूबाई राहते. तिच्या कोंबड्या दिवसभर गावभर हिंडतात. दिवेलागणीला गोदूबाई कण्यांचा टोप घेऊन दारात उभी राहते आणि त्यांना घरी बोलावते. कशी बोलावते?

टण्ण. टण्ण.

एका संध्याकाळी कोंबड्या आल्या आणि त्यांच्या मागून कोल्हीणही आली. पळून न जाता गोदूबाईच्या पुढ्यात बसली, हाताकडे बघत. गोदूबाई किंचाळली, पळी उगारली. कोल्हिणीने हाताचा चावा घेतला.

"चावलान गो, चावलान! पिसाळली मेली!"

रश्मीने जखम साबणाच्या पाण्याने खूप वेळ धुतली आणि गोदूबाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. हे अगदी बरोबर झालं. पुढचं मात्र ऐका.

दुसऱ्या दिवशी पारावर निकाल लागला. कोल्हीण पिसाळलेली! गावातल्या अनंताने कोंबडीच्या मांसात शेतातलं कीटकनाशक कालवायचं ठरवलं. ठेवायचं कुठे? जिथे ती रोज येते तिथे, विवेकच्या परसात.

आणि विवेक हो म्हणाला.

घरी विवेकची आत्या होती. जयमाला आत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "उजेड असताना ती गोदूबाईच्या दारात का गेली रे?"

"पिसाळली असंल."

"असेलही. मग वनखात्याला कळव, ती माणसं येऊन बघतील. पण तुला ते माहीत आहे, की तुझ्या सोयीचं आहे?"

विवेक फोन चाळू लागला.

"काल मी ओटीवर होते. आधी टोप वाजला, मग ती आली. तुझा टोप आणि गोदूबाईचा टोप वेगळे ओळखायला तिला कोणी शिकवलंय?"

"आत्या, हे बोललो तर गाव मला सोलून काढील. होमस्टेला टाळं लागंल. कष्टानं उभं केलंय गो."

"म्हणून तिने मरायचं? तिच्याबरोबर गावातले कुत्रे मरतील, घारी मरतील, ते वेगळंच!" आत्याने भिंतीकडे बोट केलं. "पंचशील फ्रेम करून लावलंयस. पहिली ओळ वाच."

"ठाऊक हाय मला पहिली ओळ, जीव मारू नये. उंदरांना औषध घालतोच ना आपण?"

"उंदरांना तू टोप वाजवून जेवायला बोलावतोस? पाहुणा म्हणून बोलवायचं, पाहुण्यांना दाखवायचं आणि जड झालं की त्याच ताटात विष! याला काय म्हणतात, सांग ना! मी शाळेत हा शब्द शिकवलाय तुला. विश्वासघात!"

विवेक उठून मागच्या दारी गेला. गंजलेलं फावडं तिथे भिंतीला टेकलेलं होतं.

संध्याकाळी परसात माणसं जमली. हातात काठ्या होत्या. अनंताकडे मांसाची पिशवी होती. गोदूबाईही आली, हाताला पट्टी बांधून.

"पिशवी खाली ठेवू नको, अनंता," विवेक म्हणाला. "काठ्या पण खाली घ्या. अगोदर हे बघा."

त्याने टोप घेतला.

टण्ण. टण्ण.

झुडूप हललं. कोल्हीण बाहेर आली. एवढी माणसं, एवढ्या काठ्या! ती कुंपणाशी येऊन बसली आणि विवेकच्या हाताकडे बघू लागली. रोजच्यासारखी.

"बघितलंत? मी बोलावलं म्हणून आली! परवाही बोलावलं, तेरवाही बोलावलं! काल गोदूमावशीनं कोंबड्यांना बोलावलं आणि हिला वाटलं, जेवण आलं. चावली ती, पण तिला दारात आणून बसवली मी!"

मग गोदूबाई बोलली.

"म्हंजे तुझ्या पाव्हण्यांच्या गमतीपायी माझ्या दंडात सुया? मुडद्या!"

"तुम्ही कायपन बोला, मावशी. बरोबर हाय तुमचं."

"ते नंतर भांडा," अनंताने काठी उचलली. "समोर बसलीय तर हाणू या एक."

"हाणायचीच तर ह्याच्या पाठीत हाण!" गोदूबाई ओरडली. "ती बोलावल्याबिगर न्हाय आली!"

अनंताने काठी खाली ठेवली.

कोल्हीण अजून बसलेलीच होती. "ती आपणहून जायची नाही," आत्या हळू म्हणाली. "तू बसवलीस, आता तूच उठव."

विवेकने मातीचं ढेकूळ उचलून फेकलं. ते तिच्या पुढ्यात पडलं. ती उठली, जवळ आली आणि त्याचा वास घेऊ लागली. तिला वाटलं, मासळी!

विवेकने दुसरं ढेकूळ उचललं. "जा! जा म्हणतो ना! हाड!" ते तिच्या कुशीवर फुटलं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शेपूट घालून खारफुटीत पळाली.

विवेक तिथेच खाली बसला. रश्मीने त्याच्या हातातला टोप काढून घेतला.

विवेकने कळवलं तशी वनखात्याची माणसं आली, काही दिवस लक्ष ठेवून गेली. पिसाळल्याची खूण त्यांना दिसली नाही. गोदूबाईची सगळी इंजेक्शनं झाली, प्रत्येक वेळी विवेकच तिला घेऊन गेला आणि वाटभर शिव्या ऐकत आला. कोल्हीण काही संध्याकाळी कुंपणापर्यंत आली, विवेक आरडाओरडा करत राहिला. मग ती यायची थांबली. हॅलोजन उतरला. मासळीची घाण आता आळ्यात पुरली जाते.

परवा एक पाहुणे कुरकुरले, "कोल्हा दिसतो म्हणून तर आलो आम्ही."

"ऐकायला येतो, साहेब. दिवे घालवा आणि गप्प बसा." विवेक म्हणाला.

थोड्या वेळाने खारफुटीतून कोल्हेकुई उठली. लांबून. पाहुण्यांचे फोन खिशातच राहिले.

नागरिकहो, रानातलं जनावर आपल्याला भितं, हेच त्याचं आयुष्य आहे. तुकडा टाकून आपण ती भीती काढून घेतो आणि मग ते निर्भयपणे दारात आलं की काठी शोधतो. ही माया नव्हे, शिकार आहे! बघायचं असेल तर लांबून बघा, नाही दिसलं तर तसेच घरी जा. आणि घरातली घाण पुरून टाका, बाळाराम पुरायचा तशी.

तो टोप? रश्मीने घासून घेतला. आता त्यात भात शिजतो.